दमयंतीचा हंस आणि आर्मीदाचा खंजीर



व्याख्यानमालेत दरवर्षी कोणी प्राध्यापक बोलतात, कोणी निवृत्त न्यायाधीश बोलतात. यंदा मंडळाने एका होमिओपॅथला उभे केले आहे, याची जबाबदारी मंडळाची. मी बीएचएमएस झालो, दवाखाना थाटला आणि त्यात माझी चाळीसेक वर्षे गेली. चित्रकलेची पदवी माझ्याजवळ नाही. पण घरोघर जाऊन रोगी पाहण्याची पद्धत होती त्या काळापासून मी या वस्तीत वावरतो आहे, आणि रोग्याची नाडी बघताना डॉक्टरची नजर भिंतीवर जातेच. तुमच्यापैकी कितीतरी घरांच्या भिंती मला तुमच्या जिभेइतक्याच पाठ आहेत. आजचा विषय अशाच एका भिंतीवर सापडला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. याच भागातल्या एका जुन्या घरात आजींना दम्यासाठी औषध देत होतो. वसंतपंचमीचा दिवस होता. ओसरीतल्या तसबिरीला झेंडूची माळ घातलेली, खाली नातवंडांच्या वह्या-पुस्तकांची चळत, काचेवर हळदकुंकवाची बोटे. मी जवळ जाऊन पाहिले. लाल साडीतली एक तरुणी, संगमरवरी कठड्यावर बसलेला पांढरा हंस, तिची मान किंचित कललेली. सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आमच्याकडची सरस्वती फार जुनी आहे." मी आजींकडे पाहिले. त्या पदरात तोंड लपवून हसत होत्या. सूनबाई आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "अहो, ती दमयंती आहे. वीणा कुठे आहे तिच्या हातात? पण मी काही बोलले नाही. पोरं नमस्कार करतायत, करू देत."

ती तसबीर राजा रविवर्म्याच्या 'हंस-दमयंती'ची होती. मूळ तैलचित्र १८९९ सालचे, आज तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा कलादालनात आहे. छापील प्रती देशभर गेल्या आणि त्यांतली एक माळव्यात या ओसरीवर येऊन टांगली गेली. आजींनी लहानपणी रघुनाथ पंडितांचे नलदमयंतीचे आख्यान वडिलांच्या तोंडून ऐकले होते. नळाने पकडलेला हंस कसा आपल्या आईसाठी, बायकोसाठी गयावया करतो, मग सुटल्यावर उपकार फेडायला विदर्भात कसा जातो, हे सगळे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांना त्या चित्रातल्या मुलीचा चेहरा दिसत होता. नातवंडांना फक्त पक्षी दिसत होता, आणि हंस म्हणजे सरस्वती एवढेच त्यांच्या कानावर आले होते. चित्र तेच, आजींच्या डोळ्यांना ते प्रेमाचे होते, नातवंडांच्या डोळ्यांना देवाचे. मधल्या काळात कविता गळून पडली होती.

हे आपल्याकडेच घडते असे समजू नका. आता तुम्हाला जरा लांब, इटलीत नेतो.

तोर्क्वातो तास्सो हा कवी १५४४ साली सोरेंतो येथे जन्मला. पहिल्या धर्मयुद्धात ख्रिस्ती सैन्याने जेरुसलेम घेतले त्या प्रसंगावर त्याने वीस सर्गांचे महाकाव्य लिहिले, 'मुक्त झालेले जेरुसलेम'. ते १५८१ मध्ये छापून निघाले तेव्हा कवी स्वतः फेर्रारा शहरातल्या सांत'आन्ना रुग्णालयात कोंडलेला होता. आश्रयदात्या सरदाराच्या लग्नसमारंभात त्याने भर दरबारात शिवीगाळ केली, म्हणून १५७९ ते १५८६ अशी सात वर्षे त्याला तिथे ठेवले. आपल्यावर कोणी विषप्रयोग करते आहे, आपल्या काव्यात धर्मद्रोह आहे, असे त्याला वाटत राही. चर्चच्या अधिकाऱ्यांकडे तो स्वतः होऊन तपासणीला गेला होता. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या रोग्याचे निदान करण्याचा मोह मला होतो, पण रोगी समोर नसताना औषध लिहून देणाऱ्यांबद्दल माझे मत चांगले नाही. एवढे मात्र सांगतो की ज्याचे नाव युरोपभर होत होते तो माणूस त्या वेळी एका खोलीत बसून परक्यांनी छापलेल्या आपल्याच पुस्तकातल्या चुकांवर चिडत होता. १५९५ मध्ये रोममध्ये त्याला कविराज म्हणून मुकुट घालायचे ठरले होते. समारंभ होण्याआधीच तो गेला.

काव्य युद्धाचे, पण लोकांनी उचलले ते त्यातले प्रेमिक. आणि गंमत म्हणजे हे सगळे प्रेमिक शत्रुपक्षांत वाटलेले आहेत. रिनाल्दो हा ख्रिस्ती वीर. आर्मीदा ही त्याला मारायला निघालेली, दुसऱ्या पक्षाची मायावी राजकन्या. तांक्रेदी ख्रिस्ती, त्याचे मन जिच्यावर बसले ती क्लोरिंदा मुसलमान सैन्यातली स्त्रीयोद्धा. रात्रीच्या अंधारात चिलखतामुळे तो तिला ओळखत नाही आणि स्वतःच्या हाताने ठार करतो. आणि या तांक्रेदीवर मनातून जीव टाकणारी एर्मीनिया, तीही शत्रूचीच मुलगी. पुढच्या दीडशे-दोनशे वर्षांत इटली, फ्रान्स, फ्लँडर्स इथल्या चित्रकारांनी ही माणसे पुन्हा पुन्हा रंगवली. त्या काळातल्या शैलीला बरोक म्हणतात. भडक उजेड, काळोखाचे मोठे पट्टे, वळलेली अंगे, वाऱ्यावर फडफडणारी वस्त्रे. आपल्या नाटकांत गॅसबत्तीच्या प्रकाशात नट उभा राहावा तसे ते दिसते.

या चित्रांपैकी मला सगळ्यांत पटते ते निकोला पूसँचे. हा मूळचा फ्रेंच, पण आयुष्य रोममध्ये गेले. लंडनमध्ये डल्विच येथे त्याचे १६३०च्या आसपासचे 'रिनाल्दो आणि आर्मीदा' आहे. चौदाव्या सर्गातला प्रसंग. रिनाल्दो नदीकाठी झोपला आहे, आर्मीदा खंजीर घेऊन आली आहे. तिचा उजवा हात खंजिरासह वर उठला आहे आणि एका छोट्या पंखवाल्या मदनाने तो मागे ओढून धरला आहे. डावा हात मात्र झोपलेल्याच्या हातावर अलगद टेकला आहे. एकाच बाईचा एक हात मारेकऱ्याचा, दुसरा प्रेयसीचा. पुढे काय होणार ते त्या काळच्या प्रत्येक सुशिक्षिताला पाठ होते. ती त्याला फुलांच्या साखळ्यांनी बांधून रथातून दूर बेटावर नेणार, बागेत दोघे रमणार, मग दोन मित्र त्याला शोधत येणार, चकचकीत ढालीत त्याला त्याचेच रूप दाखवणार, तो लाजून परत निघणार. पूसँला हे काहीच दाखवायचे नव्हते. त्याला दाखवायचे होते ते एका निमिषात द्वेषाचे प्रेम होणे.

आमच्या शास्त्रात रोग्याची हकीकत घेताना रोग किती जुना हे विचारतातच, पण खरे कसब पुढच्या प्रश्नात असते: तो सुरू होण्याच्या आदल्या दिवशी काय झाले होते? माणूस बराच वेळ आठवत बसतो, आणि मग जे सांगतो त्यात पुष्कळदा औषध सापडते. चांगला चित्रकार तेच विचारत असावा असे मला वाटते. काव्याला वीस सर्ग मिळतात, चित्राला एकच क्षण. तो चुकला तर बाकीचे रंगकाम फुकट.

दुसरा एक क्षण ग्वेर्चीनोने निवडला. रोमच्या डोरिया पाम्फीली संग्रहात त्याचे १६१८-१९च्या सुमाराचे चित्र आहे. जखमी होऊन पडलेला तांक्रेदी आणि त्याला शोधत धावत आलेली एर्मीनिया. एकोणिसाव्या सर्गात ती बांधायला काही नाही म्हणून आपलेच केस कापून त्याच्या जखमा बांधते. पूसँने तोच प्रसंग दोनदा रंगवला, आणि सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिताजमधल्या चित्रात ती तांक्रेदीच्याच तलवारीने केस कापते आहे. ग्वेर्चीनोची एर्मीनिया मात्र अजून केसांपर्यंत पोचलेलीच नाही. ती नुसती येऊन थबकली आहे. जो माणूस आपल्याला नीट ओळखतही नाही त्याच्यापाशी ती आली आहे. चित्रकार दोन, कविता एक, आणि दोघांनी धरलेला क्षण दोन-चार मिनिटांच्या अंतरावरचा. पण चित्रे अगदी वेगळी.

बागेच्या प्रसंगाबद्दल एक सांगायचे राहिले. आन्नीबाले काराच्ची या चित्रकाराने १६०१च्या सुमारास फार्नेसे घराण्यासाठी तो रंगवला. आज तो नेपल्समध्ये आहे. रिनाल्दो आर्मीदाला आरसा धरून बसला आहे आणि झुडपांआडून दोन सैनिक पाहताहेत. आरशात रमलेला हाच वीर पुढे ढालीच्या आरशात स्वतःला पाहून जागा होतो. आम्हां जैनांना ही जागा ओळखीची वाटते. श्वेतांबर परंपरेत भरत चक्रवर्ती आरसेमहालात शृंगार करीत असतो, बोटातली अंगठी गळते, बोट उघडे-बोडके दिसते, आणि तिथेच त्याला केवलज्ञान होते. तास्सोने हे ऐकले असण्याचा प्रश्नच नाही. आरसा सगळीकडे आरसाच असतो, एवढाच त्याचा अर्थ.

काव्यातून गाणेही निघाले. मोंतेवेर्दीने १६२४ साली व्हेनिसमध्ये तांक्रेदी आणि क्लोरिंदाचे द्वंद्व संगीतात बसवले, ल्यूलीने १६८६ मध्ये पॅरिसला 'आर्मीद' हे संगीतनाटक केले, हँडेलने १७११ मध्ये लंडनला 'रिनाल्दो'. म्हणजे एखाद्या घरात तेच काव्य वाचले जाई, भिंतीवर तेच दिसे आणि नाटकगृहात तेच ऐकू येई. तिन्ही एकमेकांना आधार देत. आज काव्य फारसे कोणी वाचत नाही, म्हणून संग्रहालयात त्या चित्रांशेजारी मोठी पाटी लावावी लागते: ही कोण, हा कोण, खंजीर कशाला. आमच्या आजींच्या ओसरीवर पाटी नव्हती, एवढाच फरक.

आता घरी परतू या.

इटलीत जे सतराव्या शतकात झाले तसे काही आपल्याकडे झाले का? झाले, आणि त्यात मराठी माणसांचा हात जेवढा समजला जातो त्याहून मोठा आहे. सर टी. माधवराव हे तंजावरकडचे मराठी देशस्थ, जन्म १८२८ चा कुंभकोणमचा. आधी त्रावणकोरचे दिवाण, मग १८७३ ते १८७५ इंदूरला होळकरांचे, आणि नंतर १८८२ पर्यंत बडोद्याचे. इंदूर म्हणजे आपल्या दारातलेच. त्रावणकोरात असताना त्यांनी किळिमानूरच्या त्या तरुण चित्रकाराला पाहिले होते, आणि बडोद्याची वाट त्याला त्यांच्यामुळे मोकळी झाली. १८८१च्या डिसेंबरात सयाजीराव महाराजांना राज्याधिकार मिळाले त्या वेळी रविवर्मा बडोद्यात होते. पुढे १८८४ मध्ये याच माधवरावांनी रविवर्म्यांना पत्रातून सुचवले की तुमच्या चित्रांना मागणी फार आहे आणि तुमचे हात दोनच, तेव्हा ती युरोपात पाठवून रंगीत छापून घ्या. आजींच्या ओसरीवरच्या तसबिरीची सुरुवात मी त्या पत्रापासून धरतो.

सयाजीरावांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रामायण-महाभारत-पुराणांतल्या चौदा चित्रांची मागणी केली. रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू राजराजवर्मा यांनी त्यासाठी उत्तर हिंदुस्थानचा दौरा केला. सर्व देशाला आपले वाटेल असे पुराणकालीन वस्त्र कोणते, हा शोध होता. तो फारसा सफल झाला नाही, कारण असे एक वस्त्र कुठेच नव्हते. शेवटी त्यांच्या नायिका बहुतेक साडीत उभ्या राहिल्या, आणि आज आपल्याला वाटते की सीता-दमयंती तशाच नेसत असतील. चौदा चित्रे १८९० पर्यंत पुरी झाली. बडोद्यात आणि मुंबईत ती लोकांना खुली ठेवली तेव्हा पाहायला गर्दी लोटली.

त्या चौदांत प्रेमिक किती आहेत पाहा: नल आणि दमयंती, शंतनू आणि मत्स्यगंधा, शंतनू आणि गंगा, राधा आणि माधव, अर्जुन आणि सुभद्रा, विश्वामित्र आणि मेनका. एवढ्या प्रेमकथा एका राजाच्या दरबारासाठी! पण क्षण कोणता निवडला ते पाहिले की मला पूसँ आठवतो. नल-दमयंतीत स्वयंवर नाही, मीलन नाही. रात्र आहे, रान आहे, द्यूतात सर्वस्व गमावलेला नळ झोपलेल्या दमयंतीला सोडून निघाला आहे. इटलीत झोपलेल्या पुरुषाजवळ मारायला आलेली बाई थांबते. इथे झोपलेल्या बाईजवळून प्रेम करणारा पुरुष निघून जातो. एकीचे मन द्वेषाकडून प्रेमाकडे वळते, दुसऱ्याचे प्रेम असूनही पाय पुढे पडतात. मी बडोद्याला महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात दोनदा गेलो आहे. नागदा, रतलाम, दाहोद, गोध्रा असा प्रवास, रात्री परत. दोन्ही वेळा इतर चित्रे भराभर पाहिली आणि अशा चित्रांपुढे थांबलो, म्हणून बरोबरच्यांचा ओरडा खाल्ला.

आमच्या घरी दमयंतीला दवदंती म्हणत. सकाळी सोळा सतींची नावे घेतात त्यांत ती आहे. हेमचंद्राचार्यांचे शिष्य रामचंद्रसूरी यांनी बाराव्या शतकात 'नलविलास' नावाचे नाटकच लिहिले. म्हणजे ज्या मुलीला मराठी आजी आख्यानातून ओळखत होत्या तिला माझी आजी स्तोत्रातून ओळखत होती. दोघींचा फोटो काढून शेजारी ठेवला असता तरी त्यांनी एकच मुलगी म्हणून ओळखली असती.

सुभद्रेची गोष्ट निराळी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० च्या ऑक्टोबरात पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि दोन वर्षांनी 'सौभद्र'. सुभद्रेच्या भूमिकेत भाऊराव कोल्हटकर असत, ते बडोद्याचेच. सुभद्रा दिसे ती पुरुषाच्या रूपाने. आठ वर्षांनी बडोद्याच्या भिंतीसाठी रविवर्म्यांनी अर्जुन-सुभद्रा रंगवले तेव्हा अर्जुनाने हात धरलेली, तोंड वळवून लाजणारी सुभद्रा मुळात कुठून आली हे मी सांगू शकत नाही. पण चित्र पाहणाऱ्यांच्या कानात 'सौभद्र'ची पदे होती हे नक्की. इटलीत काव्य, चित्र आणि गाणे एकत्र आले त्याला आपण मोठी संस्कृती म्हणतो. आपल्याकडे तेच १८८० ते १९०० च्या दरम्यान पुणे-मुंबई-बडोदा या टापूत झाले. त्याला आपण 'नाटकवेड' म्हणून हसतो.

शकुंतलेवर मात्र जरा थांबले पाहिजे. कालिदासाच्या गावात राहतो आपण. नाही थांबलो तर महाकाळ रागावेल. रविवर्म्यांनी शकुंतला आयुष्यभर रंगवली. १८७६ च्या सुमारास 'पत्रलेखन' केले: कमळाच्या पानावर नखांनी दुष्यंताला पत्र लिहिणारी, गवतावर पालथी पडलेली शकुंतला. मद्रासच्या गव्हर्नरने ते घेतले आणि मोनियर विल्यम्स यांच्या इंग्रजी शाकुंतलातही ते छापले गेले. पुढे भगिनी निवेदितांनी या चित्रावर झोड उठवली. भारतीय स्त्री अशी जमिनीवर पसरून पत्र लिहील का, असा त्यांचा रोख होता. त्यांचा अधिकार मोठा आहे, पण मला हे पटलेले नाही. नाटकाचा तिसरा अंक उघडून पाहा. कालिदासाने तिला फुले पसरलेल्या शिळेवर आडवीच ठेवली आहे. ती तापली आहे, उठून बसायची ताकद नाही. निवेदितांचे भांडण रविवर्म्याशी नसून कालिदासाशी आहे. आणि कालिदासाशी भांडायचे तर उज्जैनीत येऊन भांडावे लागेल.

दुसरी शकुंतला १८९८ ची, तीही तिरुवनंतपुरमला. सख्यांबरोबर निघालेली ती पायात दर्भाचे कुसळ रुतल्याचे निमित्त करून थांबते आणि मागे वळून पाहते. हे चित्र कॅलेंडरांवर इतके आले की आपण ते पाहतच नाही. एकदा नीट पाहा. दुष्यंत चित्रात कुठेच नाही. ती ज्याच्याकडे पाहते आहे तो चौकटीबाहेर, तुम्ही उभे आहात त्याच बाजूला कुठेतरी आहे. पूसँने मदन रंगवला, काराच्चीने झुडपाआडचे सैनिक रंगवले. सगळे पात्र चौकटीत घेतले. या किळिमानूरच्या माणसाने अर्धी जोडी बाहेर ठेवली. ही कल्पना त्याने युरोपातून आणली असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो, कुठल्या चित्रातून?

छापखान्याची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वश्रुत आहे. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला. पहिले छापील चित्र शकुंतलेच्या जन्माचे. मुंबईत प्लेग आला, १८९९ मध्ये कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि नंतर जर्मन तंत्रज्ञ श्लायखर यांच्या मालकीचा झाला. एका रंगाला एक दगड, अशा अनेक दगडांवरून एकेक कागद जाई. देवादिकांची चित्रे जास्त खपत, प्रेमिकांची कमी. म्हणून हळूहळू लक्ष्मी-सरस्वती पुढे आल्या आणि दमयंती मागे राहिली. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि पुढे लोणावळ्याला त्याच छापखान्यासाठी काम करत होते. १९१३ मध्ये त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. ज्या हरिश्चंद्र-तारामतीला बडोद्याच्या भिंतीवर जागा मिळाली होती ते हलू लागले. तिथून पुढचा इतिहास तुम्ही तिकीट काढून पाहिलेलाच आहे.

आता माझी खरी तक्रार. प्रेमिकांची एवढी चित्रे झाली, पण आपल्या उज्जैनीच्या प्रेमिकांचे काय?

उज्जैनीचा राजा प्रद्योत. वत्सदेशाचा राजा उदयन हत्तींचा शौकीन आणि वीणेत निष्णात. प्रद्योताने लाकडाचा खोटा हत्ती करून त्यात शिपाई लपवले आणि उदयनाला पकडून इथे आणले. कैदी राजाला मुलीला, वासवदत्तेला, वीणा शिकवायचे काम दिले. मग जे व्हायचे ते झाले. दोघे भद्रवती हत्तिणीवर बसून पळाले. शत्रूच्या मुलीवर जडलेले मन, कैद, संगीत, पलायन: तास्सोला हवे ते सगळे यात आहे, आणि जादूटोण्याची गरजही नाही. कालिदासाने मेघदूतात ढगाला वाट वाकडी करून उज्जैनीला जायला सांगितले, आणि अवंतीतले म्हातारे उदयनाच्या गोष्टी सांगण्यात पटाईत आहेत हेही आवर्जून सांगितले. जैन कथांतही हाच प्रद्योत आहे, चंडप्रद्योत; उदयनाची आई मृगावती, तीही आमच्या सोळा सतींपैकी. आणि चित्र म्हणाल तर कौशांबीला सापडलेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची भाजक्या मातीची पट्टी बनारसच्या भारत कला भवनात आहे. पळणारी हत्तीण, तिच्यावर जोडपे, मागे थैलीतून नाणी सांडणारा साथीदार आणि पाठलाग सोडून ती वेचणारे शिपाई. तळहाताएवढ्या मातीत तो कुंभार नाणी वेचणाऱ्यांचा लोभसुद्धा विसरला नाही.

भासाची 'प्रतिज्ञायौगंधरायण' आणि 'स्वप्नवासवदत्त' ही दोन नाटके याच कथेवर आहेत. ती शतकानुशतके नावापुरती उरली होती. १९०९ मध्ये त. गणपतिशास्त्री यांना त्यांच्या ताडपत्री पोथ्या मिळाल्या आणि १९१२ पासून ती त्रिवेंद्रमहून छापून निघाली. पोथ्या सापडल्या त्या त्रावणकोरात, रविवर्म्यांच्याच मुलखात. आणि रविवर्मा १९०६ च्या ऑक्टोबरात वारले होते. तीन वर्षांनी चुकामूक झाली. कथा कथासरित्सागरात होती हे खरे, पण भासाची वासवदत्ता, जी स्वतः मेली असे नवऱ्याला वाटू देते आणि त्याच्या दुसऱ्या लग्नाची माळ स्वतः गुंफते, ती त्यांच्यापुढे आली नाही. ती माळ गुंफतानाचा क्षण रविवर्म्यांनी सोडला नसता अशी माझी खात्री आहे. माझ्या पाहण्यात त्यांची वासवदत्ता नाही.

नंतरच्या चित्रकारांनी ती उणीव भरून काढायला हरकत नव्हती. १९५८ मध्ये राजेंद्रबाबूंच्या हस्ते आपल्याकडे कालिदास समारोह सुरू झाला, त्यात कालिदासाच्या काव्यावरची चित्रे मांडतात. आपले विष्णु श्रीधर वाकणकर स्वतः चित्रकार होते. भीमबेटकाच्या शोधामुळे लोक ते विसरतात. त्यांनी या गावात मुलांच्या हातात कुंचला दिला. प्रदर्शनात यक्ष दरवर्षी असतो, शकुंतला दरवर्षी असते. उदयन मला क्वचित दिसला. या सभागृहात कोणाची नात चित्रकला शिकत असेल तर तिला हा विषय सांगा. माझ्याकडून रंगांचा खर्च, हे मी अध्यक्षांसमक्ष बोलतो आहे.

आजी गेल्याला आता बराच काळ झाला. मुलाने बदलीच्या गावी घर घेतले, इथले विकायला काढले. सामान आवरताना मला बोलावून तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ही सरस्वती तुम्ही न्या. फ्लॅटमध्ये एवढ्या मोठ्या तसबिरीला जागा नाही, आणि देवाचे चित्र रद्दीत घालवत नाही." मी आणली. मागचा पुठ्ठा वाळवीने खाल्ला होता, तो बदलून घेतला. काचेवरची हळदकुंकवाची बोटे मात्र पुसली नाहीत. ती आजींच्या सुनेची आहेत. आता तसबीर दवाखान्यात बाकासमोर आहे. बहुतेक रोगी येताना तिला हात जोडतात. मी काही बोलत नाही. एखाद्या दिवशी गर्दी कमी असेल आणि बाकावर एखादे लहान मूल कंटाळून बसले असेल, तर त्याला जवळ बोलावून विचारतो, "या हंसाने तिच्या कानात काय सांगितलं असेल?"

परवा एक मुलगी म्हणाली, "त्याला भूक लागली असेल." मग मी नळापासून सुरुवात केली.